पोट सुटलंय, पण त्रास काहीच नाही? पोटातली चरबी हृदयाला आतून कशी निबर करते, समजून घ्या

गावाकडं पोट सुटणं हे अजूनही सुखाचं लक्षण मानलं जातं. लग्नानंतर वर्षभरात शर्टाची बटणं ताणायला लागली की "सासुरवाडीचा पाहुणचार मानवला" म्हणून लोक हसतात. चाळिशी-पन्नाशीत तोच माणूस घरापासून विहिरीपर्यंत जाताना दोनदा थांबतो, तेव्हा "वय झालं आता" एवढं बोलून विषय संपतो. दवाखान्यात ईसीजी काढला आणि तो ठीक आला, तर मग बघायलाच नको.

सुटलेलं पोट आणि लागणारा दम यांचा संबंध बहुतेकांना एवढाच वाटतो की वजन जास्त, म्हणून हृदयाला ओढ जास्त. भरलेल्या ट्रॉलीला ट्रॅक्टर जास्त डिझेल खातो, तसं. हे खरं आहे, पण अर्धंच. पोटातली चरबी रक्तात सतत काही रसायनं सोडत असते आणि त्यांनी हृदयाचं मांस हळूहळू बदलतं. हे वर्षानुवर्षं चालतं आणि दुखत काहीच नाही. म्हणून हे नेमकं काय होतं ते माहीत असलेलं बरं.

चरबी म्हणजे कणगी नव्हे

शरीरात चरबी मुख्यतः दोन ठिकाणी साठते. एक कातडीखाली, म्हणजे दंड, मांड्या, कंबर इथं. ही चिमटीत धरता येते. दुसरी पोटाच्या आत, आतडी आणि लिव्हरच्या भोवती. ही चिमटीत येत नाही, पोट नुसतं पुढं आलेलं आणि टणक दिसतं. हृदयाच्या दृष्टीनं जास्त घातक आहे ती ही दुसरी.

बरीच वर्षं डॉक्टरही चरबीकडं कणगीसारखं बघायचे. जास्तीचं खाल्लं की साठवायचं, उपाशी राहिलं की काढायचं, एवढंच तिचं काम. १९९३ साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये गोखान होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन या शास्त्रज्ञांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ नावाचा पदार्थ जास्त प्रमाणात सापडला. टीएनएफ हा शरीर जंतूंशी लढताना वापरतं तो इशारा. जंतू नसताना चरबी हा इशारा का देते, हे कोडंच होतं. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला चरबीतून निघणारं लेप्टिन हे हार्मोन सापडलं. चरबी रक्तातून निरोप पाठवते, हे तेव्हापासून पक्कं झालं.

मग २००३ मध्ये आणखी एक धागा जुळला. लठ्ठपणात चरबीच्या आत मॅक्रोफेज नावाच्या पेशी गोळा होतात असं दिसलं. या आपल्या शरीरातल्या सफाई कामगार. चरबीची पेशी गरजेपेक्षा जास्त फुगली की तिला रक्तपुरवठा पुरत नाही, काही पेशी मरतात. ती घाण उचलायला मॅक्रोफेज येतात आणि आल्यावर "इथं गडबड आहे" असे इशारे रक्तात सोडतात. टीएनएफ, आयएल-६, आयएल-१ बीटा अशी त्या इशाऱ्यांची नावं आहेत. त्याच वेळी चरबीतून निघणारा अ‍ॅडिपोनेक्टिन हा रक्तवाहिन्यांना जपणारा चांगला पदार्थ मात्र कमी होतो.

ही सूज डोळ्यांना दिसत नाही

पायात बाभळीचा काटा मोडला की ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. याला दाह म्हणतात. तो कामाचाच असतो. काटा निघाला, जखम भरली की चार-आठ दिवसांत दाह ओसरतो.

चरबीतल्या दाहाचं तसं नाही. इथं काटा निघतच नाही. चरबी वाढती आहे तोवर इशारे चालूच राहतात. ताप येत नाही, अंग दुखत नाही. ओला कडबा रचला तर गंजी आतून तापत जाते आणि बाहेरून काही कळत नाही, तसा हा प्रकार.

हे इशारे लिव्हरपर्यंत पोचले की लिव्हर सीआरपी नावाचं प्रथिन जास्त बनवतं. रक्ताच्या 'एचएस-सीआरपी' या तपासणीत ते मोजता येतं. आकडा १ पेक्षा कमी असेल तर धोका कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त, असं साधारण धरतात. मात्र सर्दी-खोकला, जखम, किडलेली दाढ यांनीही हा आकडा वाढतो. त्यामुळं नुसता रिपोर्ट बघून घाबरायचं नाही आणि स्वतःच निष्कर्षही काढायचा नाही.

हृदयापर्यंत पोचायच्या तीन वाटा

पहिली वाट मोठ्या रक्तवाहिन्यांची. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांच्या आतल्या बाजूला कोलेस्टेरॉल साचून गाठ तयार होते, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण गाठ असूनही माणूस वर्षानुवर्षं ठीक राहू शकतो. गाठीवर एक पापुद्रा असतो. दाहामुळं मॅक्रोफेज या गाठीत घुसतात आणि पापुद्रा आतून कुरतडतात. तो फाटला की तिथं रक्ताची गुठळी होते आणि नळी अचानक बंद पडते. हाच हार्ट अटॅक. काल संध्याकाळपर्यंत पारावर गप्पा मारणारा माणूस सकाळी जातो, तेव्हा पुष्कळदा असंच काही घडलेलं असतं.

दुसरी वाट केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची. हृदयाच्या मांसात त्यांचं दाट जाळं असतं. त्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सूक्ष्म प्रमाणात निघतो आणि तो मांसाला सैल व्हायला मदत करतो. दाहानं अस्तर खराब झालं की हा वायू कमी पडतो. हृदयाच्या पेशींमध्ये टायटिन नावाचं स्प्रिंगसारखं प्रथिन असतं, ते मग कडक होतं.

तिसरी वाट सगळ्यात जवळची. हृदयावरही चरबीचा थर असतो. थोडा थर सगळ्यांनाच असतो आणि तो उपयोगी असतो. पोटाचा घेर वाढतो तसा हा थरही बहुधा जाड होतो. या चरबीत आणि हृदयाच्या मांसात कसलाही पडदा नाही, दोघांना रक्तही एकाच जाळ्यातून मिळतं. त्यामुळं तिच्यातून निघालेले इशारे थेट शेजारच्या मांसात झिरपतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर हा परिणाम झाला तर ठोके अनियमित होऊ शकतात. तसे ठोके पडत राहिले तर कप्प्यात रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूकडं गेली की लकवा मारतो.

निबर झालेलं हृदय

हृदयाच्या मांसात पेशींच्या मधोमध दुरुस्ती करणाऱ्या पेशी असतात, त्यांना फायब्रोब्लास्ट म्हणतात. कुठं इजा झाली की त्या कोलॅजनचे धागे विणून जागा भरून काढतात. जखम भरल्यावर कातडीवर जो वण राहतो, तो याच धाग्यांचा. दाहाचे इशारे रोज येत राहिले की या पेशींना वाटतं दुरुस्ती अजून संपलेली नाही. त्या धागे विणतच राहतात. मऊ मांसात जागोजागी वणासारखे धागे पसरतात आणि हृदय निबर होत जातं. कोवळी भेंडी बोटानं मोडते, निबर झालेली नुसती वाकते, तसा फरक.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हृदय दिवसाला साधारण १ लाख वेळा आकसतं आणि तितक्याच वेळा सैल होतं. आकसताना ते रक्त बाहेर ढकलतं, सैल होताना रक्त आत घेतं. निबर हृदय पुष्कळदा आकसतं चांगलं, पण पूर्ण सैल होत नाही. मग आत घ्यायचं रक्त मागं तुंबतं. ते फुप्फुसात तुंबलं की दम लागतो, उताणं झोपलं की जास्त लागतो, रात्री उठून बसावं लागतं. पुढं संध्याकाळी पायावर सूज यायला लागते.

अशा माणसाचा इको काढला तर पंपिंगचा आकडा, म्हणजे ईएफ, ५५-६० टक्के येऊ शकतो. हा आकडा नॉर्मल आहे. घरचे म्हणतात, "पंपिंग चांगलं आहे, काही नाही झालं." पण हा आकडा फक्त ढकलण्याचा असतो, सैल होण्याचा नसतो. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचं पंपिंग असं चांगलं दिसतं. म्हणून दम लागत असेल आणि ईएफ नॉर्मल असेल, तर "डॉक्टर, हृदय नीट सैल होतंय का?" हा प्रश्न आवर्जून विचारावा. इकोच्या रिपोर्टवर त्याची नोंद 'डायस्टोलिक' या शब्दाखाली असते.

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ पासून लोकांच्या हृदयाचा अभ्यास चालू आहे. तिथल्या ५,८८१ जणांची सरासरी १४ वर्षांची माहिती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. लठ्ठ लोकांना हार्ट फेल्युअरचा धोका इतरांच्या दुप्पट निघाला.

"मी तर बारीक आहे, मला काय धाड भरलीय?"

इथंच आपल्याकडची माणसं फसतात. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढं, अशी माणसं प्रत्येक गावात आहेत. काट्यावर त्यांचं वजन बेताचंच भरतं.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानानं वजनाचा जो आकडा काढतात, तो बीएमआय दोघांचाही सारखाच, २२.३. कागदावर दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त.

याची मुळं पोटात असल्यापासूनची आहेत. याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपलं बाळ लहान होतं, पण त्याची बारकाई होती ती मांसात. चरबी त्या मानानं राखलेली होती. गरोदरपणी आईला पुरेसं आणि सकस खायला मिळणं हा विषय फक्त बाळंतपणापुरता नाही, तो असा.

म्हणून भारतीयांसाठी मापं वेगळी धरतात. परदेशात बीएमआय ३० झाला की लठ्ठ म्हणतात, आपल्याकडं २५ लाच. कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटीमीटरच्या आत, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि बाईचा ८० सेंटीमीटरच्या आत, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच असावा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात वजन जास्त असलेल्या बायका २४ टक्के आणि पुरुष सुमारे २३ टक्के निघाले. पण त्याच पाहणीत कंबर आणि नितंब यांच्या मापाचं प्रमाण काढलं, तर धोक्याच्या रेषेपुढं सुमारे ५७ टक्के बायका आणि ४८ टक्के पुरुष होते. काटा चौघांतल्या एकाला सावध करतो, टेप निम्म्या लोकांना.

दाह कमी केला तर हृदय वाचतं का?

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं आहे का, अशी शंका येणं साहजिक आहे. त्याची परीक्षा २०१७ मध्ये झाली. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या १०,०६१ रुग्णांवर कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनची चाचणी झाली. हे औषध आयएल-१ बीटा हा इशारा अडवतं, कोलेस्टेरॉलला हात लावत नाही. तरीही मधल्या डोसवर पुन्हा अटॅक, लकवा किंवा हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी कमी झालं. दाहाचा हृदयाशी थेट संबंध आहे हे यातून दिसलं. पण शरीराची लढाऊ ताकदच अडवली गेल्यानं जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. म्हणून हे औषध हृदयासाठी रुळलं नाही.

कोल्चिसिन या जुन्या, स्वस्त गोळीवरही चाचण्या झाल्या. २०१९ च्या चाचणीत अटॅक येऊन गेलेल्या ४,७४५ रुग्णांमध्ये फायदा दिसला, २०२४ च्या आणखी मोठ्या चाचणीत दिसला नाही. त्यामुळं ती कुणाला द्यायची हे हृदयरोगतज्ज्ञच ठरवतात. इथं एक धोक्याची सूचना. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी फुलं येणाऱ्या कळलावीच्या कंदात हेच कोल्चिसिन असतं, पण विषारी प्रमाणात. "हृदयाला चांगलं" असं कुणी मोबाईलवर पाठवलं म्हणून कळलावीच्या वाटेला अजिबात जाऊ नये. जीव जातो.

२०२३ मध्ये सेमाग्लुटाइड या वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनची चाचणी आली. वजन जास्त, हृदयविकार आहे, पण शुगर नाही, अशा १७,६०४ लोकांमध्ये अटॅक, लकवा आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. त्यांचा सीआरपीही उतरला. हे औषधही डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नाही.

दुखण्याची गोळी हा यावरचा उपाय नाही

"सूजच आहे ना, मग सुजेची गोळी घेऊ" असा विचार कुणी करू नये. कंबर, गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज खाणारे पुष्कळ शेतकरी, मजूर आहेत. या गोळ्या चरबीतला दाह विझवत नाहीत. उलट शरीरात पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि हार्ट अटॅक व हार्ट फेल्युअरचा धोका वाढवतात. ज्याचं पोट सुटलंय आणि ज्याला दम लागतो, त्यानं मेडिकलमधून परस्पर अशा गोळ्या घेणं थांबवावं आणि डॉक्टरांना विचारावं.

घरच्या घरी काय करता येईल?

• टेप लावा. शिंप्याचा टेप पुरतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपडा बाजूला करून, श्वास सहज सोडल्यावर माप घ्यावं. पॅन्टच्या नंबरावर जाऊ नये. पोट सुटलं की माणूस पॅन्ट पोटाखाली घालतो आणि नंबर तोच राहतो.

• आशाताईंना माहिती खरी सांगा. वय ३० च्या पुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातला आजार यांना गुण असतात. बेरीज ४ च्या वर गेली तर तपासणीला आधी बोलावतात. लाजून तंबाखू लपवली किंवा माप कमी सांगितलं, तर नुकसान आपलंच. बीपी आणि शुगरची तपासणी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते.

• चहातली साखर मोजा. कपात दोन चमचे साखर आणि दिवसाला पाच कप, म्हणजे जवळपास ५० ग्रॅम साखर चहातूनच गेली. जागतिक आरोग्य संघटनेनं दिवसाची वरची मर्यादा साधारण एवढीच सांगितली आहे आणि निम्म्यावर आली तर आणखी बरं. खारी, टोस्ट, फरसाण, बाटलीतलं गोड पाणी वेगळंच. त्यापेक्षा भाकरी, उसळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे बरे.

• चाला. "शेतात राबतो, वेगळा व्यायाम कशाला" हे आता सगळ्यांना लागू नाही. रानात जायला मोटारसायकल, नांगरटीला ट्रॅक्टर, पाणी धरायला ठिबक. हप्त्यातले पाच दिवस रोज अर्धा तास दम वाढेल असं चालावं. वजन फार उतरलं नाही तरी पोटातली चरबी चालण्यानं कमी होते. वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी रक्तातला दाह कमी व्हायला लागतो. ८० किलोच्या माणसाला हे म्हणजे ४ ते ८ किलो. ज्यांना आधीच दम लागतो किंवा छातीत दुखतं, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं, मग सुरू करावं.

• तंबाखू, मिश्री, बिडी सोडा. चरबीच्या दाहावर ही आणखी भर आहे.

• चालू गोळ्या बंद करू नका. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या "आता बरं वाटतंय" म्हणून थांबवू नयेत.

ही लक्षणं अंगावर काढू नका

नेहमीचं काम करताना पूर्वी न लागणारा दम, उताणं झोपल्यावर घुसमट, संध्याकाळी दोन्ही पायांवर सूज, छातीत अनियमित धडधड, यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. छातीत दाब, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, दरदरून घाम, अचानक दम, असं झालं तर घरी सोडा-लिंबू पाजत बसू नये, १०८ ला फोन करावा. बायकांना आणि शुगर असलेल्यांना छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो. त्यांचा नुसता घाम, मळमळ आणि थकवासुद्धा हलक्यात घेऊ नये.

घरातल्या तिशीपुढच्या सगळ्यांच्या कमरेचं माप या रविवारी घ्यावं आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावं. तीन महिन्यांनी पुन्हा मोजावं. माप ९० किंवा ८० च्या पुढं असेल, तर दुखत नसलं तरी बीपी आणि शुगर तपासून घ्यावी.